अल खोरमध्ये दुकान काढायचं, तर कागद कुणाच्या नावाचा?



लोद असो, रामले असो, अश्दोद, बेरशेबा की दिमोना, आपल्या जवळजवळ प्रत्येक घराचा एखादा भाचा, पुतण्या किंवा मावसभाऊ अजून ठाण्या-मुंबईकडे आहे. त्यांच्यातली बरीच तरुण मुलं भारतीय पासपोर्टवर आखाती देशांत नोकरीला जातात. चार-पाच वर्षं नोकरी झाली की मनात येतं, दुसऱ्याचं किती दिवस राबायचं? मग फोन येतो. "कतारमध्ये अल खोर म्हणून गाव आहे. तिथे चालू कॅफेटेरिया मिळतोय. इतके लाख भरले की इन्व्हेस्टर व्हिसा हातात. मग आपणच मालक!" इकडे आत्याबाई आणि मामा खूश. कुणी पेन्शनमधले चार शेकेल बाजूला काढतं, तर कुणी म्हणतं, ठाण्याची बंद पडलेली खोली विकून टाक.

खोली विकायच्या आधी हा लेख वाचावा, एवढीच विनंती. आम्ही या विषयात जमेल तेवढी माहिती जमवली आहे, आणि तिचं सार पहिल्यांदाच सांगून टाकतो. गुंतवणूकदाराचा व्हिसा ही दुकानात मिळणारी वस्तू नाही. तो सगळ्यात शेवटी मिळतो. आधी सरकारी नोंदवहीत तुमचं नाव भागीदार म्हणून चढतं, मग दुकानाला परवाना मिळतो, आणि मग त्या कंपनीच्या आधारावर तुम्हाला राहण्याची परवानगी मिळते. "आधी व्हिसा देतो, कागद मागाहून बघू," असं जो म्हणतो, तो गाडी घोड्याच्या पुढे बांधतो आहे.

हे अल खोर आहे तरी कुठे?

कतार म्हणजे अरबस्तानच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेलं एक बोट. राजधानी दोहा पूर्व किनाऱ्यावर आहे, आणि तिच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर अल खोर. अरबीत 'खोर' म्हणजे खाडी. आपले वाडवडील नवगाव, रेवदंडा, चौल या खाड्यांच्या काठचे, तेव्हा गावाचं हे नाव आपल्याला परकं वाटायला नको. जुन्या कागदांत या गावाचं नाव 'खोर शकीक' असं सापडतं. मासेमारी आणि मोत्यांसाठी बुड्या मारणं, हे इथल्या लोकांचे मूळ धंदे.

गावाचं नशीब पालटलं ते नैसर्गिक वायूमुळे. अल खोरच्या उत्तरेला रास लफ्फान नावाचं औद्योगिक बंदर उभं राहिलं, आणि १९९६ च्या अखेरीस तिथून द्रवरूप वायूचं पहिलं जहाज जपानकडे निघालं. वायू कंपन्यांच्या नोकरमाणसांसाठी अल खोरजवळ घरांची मोठी वसाहत झाली. माणसं आली की त्यांच्यामागे न्हावी येतो, शिंपी येतो, लॉन्ड्री येते आणि बकाला येतो. बकाला म्हणजे किराणा दुकान, आपलं मकोलेत म्हणा ना! कॅफेटेरियात 'करक' चहा मिळतो, उकळून उकळून दाट केलेला, दुधाचा. हा 'करक' म्हणजे दुसरं काही नसून आपल्याकडचा 'कडक'च.

२०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना याच अल खोरमधल्या अल बैत स्टेडियममध्ये २० नोव्हेंबरला झाला. वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या तंबूसारखं हे स्टेडियम बांधलं आहे, आणि त्यात साठ हजारांहून अधिक माणसं बसतात. तेव्हापासून अल खोरचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं, आणि एजंट लोकांनाही विकायला एक नवीन नाव मिळालं.

मुंबईशी नातं जुनंच

आपल्या म्हाताऱ्या मंडळींना आठवत असेल, एके काळी आखातात आपला रुपयाच चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. कतारमध्ये त्या १९६६ पर्यंत चलनात होत्या. त्या वर्षी जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि कतारने रुपयाला रामराम ठोकला.

त्याच्याही आधी मोत्यांचा व्यापार होता. आखातातून निघालेलं मोतीं विकायला यायचं ते मुंबईलाच. त्या धंद्यातली एक गोष्ट आपल्या विषयाशी फार जवळची आहे. बुडी मारणाऱ्याला हंगामाच्या आधी नाखुदा, म्हणजे होडीचा प्रमुख, उचल द्यायचा. हिशेब नाखुद्याच्या वहीत. बुडी मारणाऱ्याला वाचता येत नसे. हंगाम संपला तरी उचल फिटायची नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच होडीवर जावं लागे, आणि पुष्कळदा बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. मेहनत एकाची आणि वही दुसऱ्याच्या हातात, असा तो प्रकार होता. १९३० च्या सुमारास जपानी पैदाशीचे मोती आणि जगभरची मंदी यांनी तो धंदा बसला. वहीचा धडा मात्र अजून जुना झालेला नाही.

परक्या व्यापाऱ्याचं नशीब तिथल्या सत्तेच्या मर्जीवर कसं अवलंबून असतं, त्याचंही उदाहरण इतिहासात आहे. १८८२ साली, शेख जासिम यांच्या काळात, दोह्यात व्यापार करणाऱ्या भारतीय वाण्यांना गाशा गुंडाळून निघावं लागलं. ते ब्रिटिशांचे प्रजाजन होते, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्या नुकसानीची मागणी तरी लावून धरली. आजच्या भाच्यामागे गनबोट उभी राहणार नाही. त्याच्यामागे उभा राहील तो फक्त कागद.

उलट दिशेचं उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचं. डेव्हिड ससून बगदादहून निघाले, समोरच्या किनाऱ्यावरच्या बुशहर बंदरात काही काळ राहिले, आणि १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. मुंबईत त्यांनी पेढी काढली. धंदा चांगला चालत असतानाही १८५३ साली त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व रीतसर घेतलं. एवढा मोठा सावकार, पण आपण कोणत्या कायद्याखाली आहोत हे कागदावर पक्कं करून घ्यायला तो विसरला नाही.

५१ आणि ४९ चं गणित

आता मुख्य मुद्दा. मुलांनो, तुम्हीही वाचा, गणित सोपं आहे.

कतारच्या २००० सालच्या १३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे परक्या माणसाला धंद्यात जास्तीत जास्त ४९ टक्के वाटा ठेवता येत असे. ५१ टक्के कतारी भागीदाराचे. शेती, कारखाने, आरोग्य, शिक्षण, पर्यटन अशा काही क्षेत्रांत खास मंजुरीने जास्त वाटा मिळायचा, पण कॅफेटेरिया, शिंपीकाम, बकाला यांना ५१-४९ हाच नियम. २००२ च्या कंपनी कायद्यात मर्यादित कंपनीला किमान दोन लाख रियालचं भांडवल दाखवावं लागे. ती अट पुढे २०१५ च्या कायद्याने काढली.

प्रत्यक्षात काय व्हायचं? दोन लाख रियाल सगळे आपल्या माणसाने घातले असं समजा. राबला तोच, उधारी वसूल करायला फिरला तोच. कतारी भागीदाराने फक्त नाव दिलं, आणि त्याबद्दल वर्षाला ठरलेली रक्कम घेतली. नोंदवहीत मात्र भागीदाराचे १,०२,००० आणि आपल्या माणसाचे ९८,०००. जोवर गोडी आहे तोवर सगळं ठीक. भागीदार वारला आणि त्याची मुलं वाटा मागायला आली, किंवा धंदा बरा चाललाय हे पाहून वर्षाची रक्कम दुप्पट झाली, की मग आपला माणूस कपाटातून एक कागद काढतो. त्यावर लिहिलेलं असतं की, खरा मालक मीच, कतारी भागीदार नावापुरता. त्याला वाटतं हा कागद आपल्याला वाचवेल.

तोच कागद त्याला बुडवतो. कारण २००४ च्या २५ क्रमांकाच्या कायद्याने असा लपवाछपवीचा व्यवहार गुन्हा ठरवला होता, आणि २०२३ च्या ३ क्रमांकाच्या नव्या कायद्याने तो आणखी कडक केला. नाव देणाराही गुन्हेगार आणि नावामागे लपणाराही गुन्हेगार. त्यात दंड आहे आणि तुरुंगही आहे. म्हणजे कोर्टात जो पुरावा म्हणून न्यायचा, तो आपल्याच गुन्ह्याचा कबुलीजबाब!

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. नफ्याची वाटणी वाट्यापेक्षा वेगळी ठेवायची असेल, तर ती कंपनीच्या नोंदलेल्या करारात उघडपणे लिहिता येते, आणि ती चालते. सरकारदरबारी जे लिहिलं तेच खरं. कपाटात जे लिहिलं ते खोटं, आणि वर धोक्याचं.

२०१९ नंतर काय बदललं?

२०१७ च्या जूनमध्ये सौदी अरेबिया, अमिरात, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. ती नाकेबंदी २०२१ च्या जानेवारीपर्यंत चालली. एकट्या पडलेल्या कतारला बाहेरचा पैसा आणि बाहेरची माणसं जास्तच हवी झाली, आणि या काळात तिथले बरेच कायदे सैल झाले.

२०१९ च्या १ क्रमांकाच्या कायद्याने परक्या गुंतवणूकदाराला १०० टक्क्यांपर्यंत मालकीची वाट मोकळी केली. बँका, विमा आणि कमर्शियल एजन्सी ही क्षेत्रं वगळली आहेत, आणि मंत्रिमंडळ ठरवील ती आणखीही. पण 'पर्यंत' हा शब्द विसरू नका. ही मालकी आपोआप मिळत नाही. वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाकडे अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी मिळाली तर कुणाचं नाव उसनं घ्यायची गरजच उरत नाही. म्हणून भाच्याने एजंटला पहिला प्रश्न हाच विचारावा: शंभर टक्क्यांचा अर्ज केला का? केला नसेल तर का नाही?

घर घेऊन राहण्याचा परवाना मिळवायचा आणखी एक मार्ग २०२० पासून आहे. ठरावीक भागांत निदान ७,३०,००० रियालचं, म्हणजे सुमारे दोन लाख डॉलरचं घर घेतलं, तर त्याच्या जोरावर राहता येतं. ३६,५०,००० रियालच्या घराला कायम रहिवाशाच्या काही सवलतीही आहेत. परक्यांना पूर्ण मालकीने घर घेता येईल असे जे नऊ भाग तेव्हा ठरले, त्यांत अल खोर रिसॉर्टचं नाव आहे. पण घर घेतलं म्हणून दुकान चालवायचा परवाना मिळत नाही. ती दोन वेगळी खाती आहेत. काही एजंट ही दोन्ही एकाच जाहिरातीत कालवतात.

पायरी पायरीने

आपल्याकडे दुकान काढायचं तर ओसेक मुर्शे म्हणून नाव नोंदवा, अर्नोना भरा, इरियाचा परवाना घ्या. तिकडेही तसंच, फक्त पायऱ्या जास्त.

पहिली पायरी, धंद्याचं नाव आणि प्रकार ठरवणं. कॅफेटेरियाच्या परवान्यावर किराणा विकता येत नाही. दुसरी, कंपनीचा करार. तो अरबीत असतो, आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर पक्का होतो. तिथल्या कोर्टाची भाषा अरबी आहे, म्हणून भाषांतर आपल्या विश्वासातल्या माणसाकडून करून घ्यावं, समोरच्या पार्टीच्या माणसाकडून नव्हे. तिसरी, व्यापारी नोंदणी. हीच ती वही! तिच्या उताऱ्यावर भागीदारांची नावं असतात. चौथी, जागा. भाडेकरार नोंदवावा लागतो, मग बलदिया, म्हणजे नगरपालिका, दुकानाचा परवाना देते. आगीपासून बचावाची तपासणी होते, आणि खाण्याचं दुकान असेल तर स्वच्छतेची वेगळी. पाचवी, गृहखात्याकडून कंपनीचं कार्ड. तिथले लोक त्याला 'कंप्युटर कार्ड' म्हणतात. त्यावर ठरतं की ही कंपनी माणसं आणू शकते की नाही.

आणि मग सहावी पायरी, आपला व्हिसा. भागीदार म्हणून प्रवेश, वैद्यकीय तपासणी, रक्त, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, आणि शेवटी ओळखपत्र.

वाचकहो, ही शिडी पाहिली की कळतं, सहावी पायरी पहिली कशी होईल? फिरायला जाण्याच्या व्हिसावर जाऊन दुकानात उभं राहणं बेकायदा आहे. दुसऱ्याच कंपनीच्या नोकरीच्या परवान्यावर असताना स्वतःचं दुकान परस्पर चालवणंही बेकायदा आहे. रास लफ्फानला नोकरी आणि संध्याकाळी आपलं दुकान, हा बेत ऐकायला छान, पण त्यात नोकरीही जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट आहे. भागीदाराचा परवाना कंपनीला बांधलेला असतो. कंपनीची नोंदणी चुकली, दुकान बंद पडलं, तर परवान्याचं नूतनीकरण अडतं. मग फक्त दुकान जात नाही. बायकोचा आणि मुलांचा परवानाही त्याच्याच आधारावर असतो. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यावर सुटते. आलिया करून आलेल्या आपल्या लोकांना हे चटकन समजणार नाही, कारण इथे उतरल्यावर आपल्याला परत जा म्हणणारं कुणी नव्हतं. तिथे माणूस कितीही वर्षं राहिला तरी पाहुणाच. २०१८ च्या कायद्याने कायम रहिवासाची सोय झाली खरी, पण ती वर्षाला जास्तीत जास्त शंभर माणसांना.

चेक, पगार आणि कर

दुकानाचं भाडं वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक देऊन ठरवायची तिकडे सर्रास पद्धत आहे. बारा चेकवर सह्या करताना हात दुखत नाही. पण खात्यात पैसे नसताना चेक परत गेला, तर कतारच्या दंडसंहितेच्या ३५७ व्या कलमाखाली तो फौजदारी गुन्हा आहे. तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि शिवाय दंड. प्रकरण चालू असताना देश सोडायलाही मनाई होऊ शकते. रमजानमध्ये गिऱ्हाईक दिवसा नसतं, उन्हाळ्यात कुटुंबं गावी जातात. भाड्याचे चेक मात्र सुट्टी घेत नाहीत.

कामगार ठेवले तर त्यांचे हक्कही पाळायचे. २०२१ च्या मार्चपासून किमान पगार महिना १,००० रियाल झाला. राहण्याची सोय मालकाने दिली नाही तर वर ५००, जेवणाची नाही दिली तर ३००. पगार बँकेतूनच द्यावा लागतो. २०२० पासून कामगाराला मालकाची चिठ्ठी न घेता नोकरी बदलता येऊ लागली. हे चांगलंच झालं, कारण आपलीच मुलं वर्षानुवर्षं त्या चिठ्ठीसाठी मालकाच्या दारात उभी राहिली आहेत. मालक झाल्यावर ते विसरू नये. परक्याच्या वाट्याच्या नफ्यावर १० टक्के कर आहे, तोही हिशेबात धरावा.

आपला पासपोर्ट कोणता?

हा प्रश्न खास आपल्या समाजाचा, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

इस्रायल आणि कतार यांच्यात राजदूतांचे संबंध नाहीत. १९९६ च्या एप्रिलमध्ये शिमोन पेरेस दोह्याला गेले होते, आणि त्या वर्षी तिथे इस्रायलचं व्यापार कार्यालय सुरू झालं. तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना वाटलं, आता वाट खुली होणार. २००० च्या नोव्हेंबरमध्ये ते बंद झाल्याचं जाहीर झालं, आणि २००९ च्या जानेवारीत ते पुरतं मिटलं. २०२२ च्या विश्वचषकाला तेल अवीवहून दोह्याला थेट विमानं गेली, कोशेर जेवणाचीही सोय झाली, पण ती सोय स्पर्धेपुरती. पुढे ९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलने दोह्यात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला. थोडक्यात, इथल्या नातवंडांनी इस्रायली पासपोर्टवर अल खोरमध्ये धंद्याचं स्वप्न पाहू नये.

"पण माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे," असं कुणी म्हणेल. ओसीआय म्हणजे भारतात येण्या-राहण्याची सवलत. ते नागरिकत्व नाही आणि पासपोर्टही नाही. तिसऱ्या देशाच्या दारात त्याचा उपयोग शून्य. काहींच्या पेटीत जुना तीन सिंहांचा भारतीय पासपोर्ट अजून जपून ठेवलेला असेल. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि तो पासपोर्ट परत करावा लागतो. तो वापरून प्रवास करणं हा भारतात गुन्हा आहे. आठवण म्हणून त्याचा फोटो ठेवा, पण कुणी "चालतंय हो" म्हटलं तरी त्यावर जाऊ नका.

तेव्हा ही वाट खुली आहे ती आपल्या भारतातल्या नातेवाइकांना. त्यांनीही एक विचार करावा. अल खोरमध्ये सिनेगॉग नाही. मिन्यान जमणार नाही. सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, हे ऐकून आनंद होईल. पण दुकानदाराचं गणित उलटं. लोकांना सुट्टी, म्हणजे दुकानदाराचा गल्ला भरायचा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुकान बंद ठेवायचं की नाही, हे जाण्याआधी ठरवा. कोकणात आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, लोकांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं, आणि तरीही त्यांचं तेल विकलं गेलंच. भागीदारीच्या करारात दुकानाच्या वेळा लिहिता येतात. तेही लिहून घ्यावं.

बच्चेकंपनीसाठी

मुलांनो, अल खोरच्या दोन गंमती सांगतो.

खाडीत एक छोटं बेट आहे. लोक त्याला जांभळं बेट म्हणतात, खरं नाव जझिरत बिन घन्नाम. तिथे जमीन उकरली तर समुद्री गोगलगायींच्या शंखांचा चुरा सापडला, थोडाथोडका नाही, लाखो शंखांचा. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, बाबिलोनवर कासाइट राजे होते तेव्हा, त्या गोगलगायींपासून इथे तांबूस जांभळा रंग काढत. तोरामध्ये मिश्कानच्या पडद्यांसाठी तेखेलेत आणि आर्गामान हे रंग सांगितले आहेत ना? तेखेलेत निळा, तोच सिसीथच्या धाग्याचा. आर्गामान जांभळा. समुद्रातल्या गोगलगायीपासून रंग काढायची जी कला, तिचीच एक जुनी कार्यशाळा अल खोरमध्ये होती. एका कपड्याला रंग द्यायला किती गोगलगायी लागत असतील? म्हणूनच तो रंग राजांचा आणि कोहनांचा!

दुसरी गंमत गाईंची. २०१७ मध्ये नाकेबंदी झाली तेव्हा कतारमध्ये दूध यायचं बंद झालं, कारण बरंचसं दूध सौदीहून यायचं. मग अल खोरच्या बाजूला बलदना नावाची गोशाळा वाढवायची ठरली, आणि गाई आणल्या कशा, तर विमानाने! जुलै २०१७ मध्ये पहिल्या १६५ गाई उडत आल्या. पुढे तिथे वीस हजारांवर गाई झाल्या. हा धंदा उभा करण्यामागे मूळचे सीरियाचे खय्यात बंधू आहेत. बाहेरून आलेल्या माणसालाही तिथे मोठं काम उभं करता येतं, हे यावरून दिसतं. मात्र त्यांच्याजवळ मोठं भांडवल होतं आणि सरकारला दुधाची गरज होती. आपल्या कॅफेटेरियासाठी विमान येणार नाही.

अब्राहामने काय केलं?

उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सारा वारते, आणि अब्राहाम हेब्रोनच्या हित्ती लोकांकडे थडग्यासाठी जागा मागतो. मी तुमच्यात परका आहे, हे तो आधीच सांगतो. एफ्रोन म्हणतो, फुकट घे. अब्राहाम घेत नाही. गावाच्या वेशीत, सर्वांदेखत, ४०० शेकेल चांदी मोजून देतो, आणि मख्पेलाचं शेत, गुहा, शेतातली झाडंसुद्धा त्याच्या नावावर पक्की होतात. परक्या मुलखात मेहरबानीवर राहू नये, हे त्याला कळत होतं. यिर्मयाने तर वेढा पडलेला असताना चुलतभावाकडून शेत घेतलं, १७ शेकेलला. पण खरेदीखत लिहिलं, साक्षीदार घेतले, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवली, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात घालून जपली. चुलतभाऊ आहे, कागद कशाला, असं तो म्हणाला नाही.

आपल्याकडे मात्र ओळखीचा माणूस म्हटला की कागद मागायची लाज वाटते. ही लाज फार महाग पडते.

म्हणून ठाण्याहून पुढचा फोन आला, की पैसे पाठवण्याआधी एवढं विचारा. व्यापारी नोंदणीच्या उताऱ्यावर तुझं नाव आणि तुझा वाटा किती, ते मला दाखव. शंभर टक्क्यांची मंजुरी मागितली का? नफ्याची वाटणी नोंदलेल्या करारात आहे की वेगळ्या कागदावर? अरबी करार तुझ्या स्वतःच्या वकिलाने वाचला का? दुकानाचा परवाना त्याच धंद्याचा आहे का, आणि भाड्याचे चेक कुणाच्या सहीचे? जुनं दुकान विकत घेतोस तर आधीच्या मालकाची देणी कुणाच्या माथी? कायदे बदलत असतात, तेव्हा शेवटचा शब्द तिथल्या वकिलाचा आणि मंत्रालयाचा धरावा, आमचाही नव्हे.

या प्रश्नांनी भाचा रागावला तर रागावू द्या. मामाचा राग आला, तर तो दोन महिन्यांत जातो. बुडालेली खोली परत येत नाही. आणि सगळी उत्तरं कागदासकट मिळाली, तर खुशाल मदत करा, मेझुझासुद्धा इथून पाठवा. दुकानाला यश येवो, आणि अल खोरच्या खाडीकाठी कडक चहा पिताना त्याला नवगावच्या खाडीची आठवण राहो.